उचल घेण्याआधी

फोनवर मी तुला नीट उत्तर दिलं नाही ते मुद्दाम. शेजारी पाहुणे, तुझे मालक, बसलेले, मागं सासूबाईंचा आवाज, अन् तू हळूच विचारायलीस, "ताई, ऊसतोडीला जावं का नको?" मी हो म्हटलं असतं काय आणि नको म्हटलं असतं काय, शब्द माझा राहिला असता आणि निस्तरायचं तुला लागलं असतं. म्हणून लिहून पाठवायलेय. पोरगी झोपली की वाच. पाहुण्यांनाही वाचून दाखव. त्यांच्यापासून लपवावं असं यात काही नाही, उलट दोनचार गोष्टी त्यांच्यासाठीच आहेत.

तुझ्या बोलण्यातली एक गोष्ट मला खटकली. तू म्हणालीस, "गेलं तर धोका हाय, राहिलं तर निदान घर तरी हाय." घर हाय, कबूल. पण राहणं म्हणजे बिनधोक, हे तुला कुणी सांगितलं? आपल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात दोन एकर कोरडवाहू रानात कापूस लावायचा आणि आभाळाकडं बघत बसायचं, याच्याएवढा मोठा जुगार मी तरी दुसरा पाहिला नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आणि २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याच बीड जिल्ह्यात सिंदफणा नदी पात्र सोडून शेतात शिरली, पिकासकट माती खरवडून घेऊन गेली. एकदा पाणी नाही म्हणून पीक गेलं, एकदा पाणी फार झालं म्हणून. तरी आपण दर मिरगाला बी टाकतोच. आज्यापासून टाकत आलोय म्हणून त्याला कुणी धोका म्हणत नाही, एवढंच. कारखान्याला जाणं म्हटलं की मात्र आईच्या डोळ्यात पाणी येतं.

तेव्हा जाणं धोक्याचं आणि राहणं सुखाचं अशी वाटणी आधी डोक्यातून काढून टाक. दोन्हीकडं धोका आहे. कुठला कसला आहे, बुडालं तर कुणाच्या अंगावर येणार आणि बुडाल्यावर परत काठाला लागता येईल का, एवढं बघायचं. "असं होईल का?" यावर लोक रात्र रात्र बोलतात. झालं तर कोण भरणार, हे मात्र कुणी विचारत नाही. तू तेच विचार.

आता हिशेब. मुकादम एक लाख उचल द्यायलाय म्हणालीस. ही एका कोयत्याची उचल, म्हणजे तुम्हा दोघांची मिळून. लाख म्हटलं की डोळ्यांपुढं नोटा येतात, ऊस येत नाही. आपण ऊस बघू. २०२४ च्या जानेवारीत साखर संघ आणि कामगार संघटनांचा करार झाला, त्यात तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपयांवर गेला. वाढ चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण लाखाला ३६६ नं भागून बघ. २७३ टन येतात. एवढा ऊस तुम्ही दोघांनी तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीत नेऊन भरायच्या. जोडी धट्टीकट्टी असेल, ऊस उभा असेल आणि गाडी वेळेवर आली तर दिवसाला दोन टन होतात असं धरू. १३७ दिवस लागतात. एक खाडा नाही, एक ताप नाही, एक अवकाळी नाही, तरी साडेचार महिने. दिवाळी करून निघालात तर मार्च उलटेपर्यंत तुम्ही नुसती उचल फेडणार. मधली खर्ची वेगळी, ती मुकादमाच्या वहीत चढतच राहणार. वाढं विकून मीठमिरची निघते, त्यापलीकडं त्याचं काही होत नाही. आणि ज्या साली ऊसच कमी, त्या साली कारखान्याचा पट्टा फेब्रुवारीतच पडतो. मग राहिलेली बाकी कुणाच्या नावावर? पुढच्या सालच्या तुमच्या कोयत्यावर. तेव्हा पुढच्या साली जायचं का नाही, हे तुम्ही ठरवणार नाही.

यात मुकादमाला शिव्या घालून भागत नाही. तोही कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून स्वतःच्या नावावर पैसा उचलतो. एखादं जोडपं उचल घेऊन पळालं तर त्याच्या दारात माणसं येतात. म्हणून तो तुमच्या मागं लागतो. पाऊस आला, फडात चिखल झाला, तोड थांबली, तर कारखान्याचं थोडं नुकसान, मुकादमाचं जरा जास्त आणि कोपीत बसून राहिलेल्या जोडप्याचा अख्खा रोज बुडाला. मशीन बिघडलं, गाडी उलटली, काहीही झालं तरी धोका वरून खाली ढकलत येतो आणि ज्याच्या खाली कुणी नाही त्याच्यापाशी थांबतो. तुझ्या खाली कोण आहे, बघ बरं? तुझी चौथीतली पोरगी. शाळा तिचीच बुडणार.

तिच्यासाठी गावातल्या शाळेत हंगामी वसतिगृह सुरू होणार का, ते मुख्याध्यापकांना आत्ताच विचार. आजीपाशी ठेवून गेलात तर तिच्या दोन वेळच्या जेवणाची सोय त्यातून होते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं शासनानं तालुक्याच्या गावी वसतिगृहं काढलीत, तिथं तिच्या इयत्तेला जागा मिळते का हेही बघून ये. निघायच्या आदल्या दिवशी धावपळ केली तर काहीच हाती लागत नाही.

मी जाऊ नको म्हणत नाही. हे नीट ऐक. आपल्या जिल्ह्यातली लाखो माणसं दरवर्षी जातात, ती काय वेडी आहेत? घरात बसून उपाशी राहण्यापेक्षा हात चालवलेले बरे, हा हिशेब चूक नाही. माझं म्हणणं उचल कशासाठी घेताय यावर आहे. लग्न नाही, दवाखाना नाही. पाहुण्यांना बोअर घ्यायचीय.

पाणाड्यानं नारळ हातावर धरून रानात फिरून जागा दाखवली म्हणालीस. नारळ उभा राहिला. राहू दे. आपल्या जमिनीखाली काळा कातळ आहे. त्याच्या भेगेत, सांध्यात पाणी असलं तर असतं, नाहीतर पाचशे फूट गेलं तरी नुसती पांढरी धूळ उडते. बोअरचा गाडीवाला फुटाचे पैसे घेतो, पाण्याचे नाही. म्हणजे बोअर कोरडी गेली तर त्याचं काही जात नाही आणि पाणाड्याचंही काही जात नाही, त्याची बिदागी त्यानं आधीच खिशात घातलेली असते. सगळ्यांचे पैसे झाले आणि तुमच्याकडं एक भोक राहिलं. त्या भोकासाठी २७३ टन.

दोन धोके एकावर एक रचलेत, दिसतंय का? खालचा धोका म्हणजे उचलीचं कर्ज, तो पक्का आहे. वरचा म्हणजे पाणी, लागलं तर लागलं. पक्कं देणं करून नशिबाचं घेणं घ्यायचं, हे मला पटत नाही. पाणी शोधायचंच असेल तर आधी जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयात अर्ज द्या, त्यांची माणसं येऊन बघतात. त्यांचंही चुकतं, पण त्यांना फुटामागं पैसे मिळत नाहीत, एवढा तरी फरक आहे. आणि आसपासच्या रानात गेल्या चारपाच सालांत किती बोअर घेतल्या, कितीला पाणी लागलं, त्यातल्या कितीला मेमध्ये टिकलं, हे पाहुण्यांनी बांधाबांधानं फिरून विचारावं. पाणी लागलेला माणूस गावभर पेढे वाटतो. कोरडी गेलेला गप्प बसतो, म्हणून आपल्याला वाटतं सगळ्यांनाच लागलं. गप्प बसलेल्यांना गाठा.

जाऊबाईंचं तू शेवटी शेवटी बोललीस, जाता जाता बोलल्यासारखं. माझ्या डोक्यात मात्र रात्रभर तेच राहिलं. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, आणि दवाखान्यात सांगितलं की पिशवी खराब झालीय, काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल. वय काय त्यांचं? तिशीच्या जरा पुढं. आणि त्या तयार झाल्यात, हंगामाच्या आधी उरकून घेऊ म्हणायलेत.

आपल्या जिल्ह्यात हे काही पहिलं नाही. २०१९ साली शासनानं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात सोळा-सतरा. सगळ्या देशाचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. आता आपल्याच बायांच्या पिशव्या एवढ्या खराब कशा निघतात गं?

बाहेरचे लोक तेव्हा म्हणाले, अडाणी बाया, फसल्या. मला त्याचा राग येतो. त्या बायांनी हिशेब केला होता. फडात पाळी म्हणजे काय ते तुला माहीत आहे. संडास नाही, आडोसा नाही, कापड बदलायला जागा नाही, पहाटे तीनला उठून गाडी भरायची. एक खाडा धरला की मजुरी तर जातेच, वर दंड कापतात. महिन्याला दोनतीन दिवस असे गेले तर हंगामाला किती गेले? आणि एकीकडं डॉक्टर म्हणतोय, नाही काढली तर मरशील. पोरं झालेली, आता पिशवी काय कामाची? तिला जेवढं सांगितलं होतं तेवढ्यात तिनं बरोबर उत्तर काढलं. चूक सांगण्यात होती. कॅन्सरची भीती मोठ्यानं सांगितली. पिशवी काढल्यावर काय होतं, ते कुणी सांगितलंच नाही.

ते मी सांगते. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर पाळी जाण्याचं वय एकदम त्या दिवशी येतं. पन्नाशीला जे व्हायचं ते तिशीत सुरू होतं. अंगाची आग, झोप नाही, हाडं ठिसूळ, गुडघे, कंबर. ज्या कंबरदुखीसाठी पिशवी काढली ती कंबर आणखी दुखते आणि त्याच कंबरेवर मोळी उचलायची असते. ऑपरेशनचे पैसे बहुतेकदा मुकादमाकडूनच उचललेले, म्हणून टाके नीट भरायच्या आधी बाई फडात. एक वेळ बोअर बुजवता येते. हे नाही माघारी घेता येत.

म्हणून जाऊबाईंना एवढंच विचार, पांढरं जाण्यावर गोळ्याऔषध घेतलं का? बहुतेक वेळा ते जंतूंमुळं असतं आणि औषधानं बरं होतं. नवऱ्यालाही सोबत औषध घ्यावं लागतं कधीकधी, तेही विचारायला लाजू नका. पिशवीच्या तोंडाची तपासणी झाली का? ती सरकारी दवाखान्यात होते, फुकट होते, आणि कॅन्सरची भीती खरी का खोटी ते तिथंच कळतं. नुसती सोनोग्राफी बघून "सूज आहे" म्हणणं पुरेसं नाही. आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं का, पहिल्यानं ज्याच्याकडं पाठवलं त्याला नाही, तिसऱ्याच कुणाला? २०१९ च्या त्या प्रकरणानंतर आपल्या जिल्ह्यात खासगी दवाखान्यांनी हे ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी असं ठरलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सगळ्या राज्यांना सांगितलं की विनाकारण गर्भाशय काढण्याविरुद्धची केंद्राची नियमावली तीन महिन्यांत लागू करा. तेव्हा "परवानगीचा कागद दाखवा" म्हणायला घाबरायचं काही कारण नाही. कधी कधी काढावीच लागते, तेही खरं. रक्तस्राव थांबत नसेल, मोठी गाठ असेल, तपासणीत काही निघालं असेल, तर उशीर करणं धोक्याचं. पण ते कागदावर दिसलं पाहिजे. आशाताईला सोबत घेऊन जा, एकटी बाई दवाखान्यात पटकन मान डोलावते.

त्याच घरात दुसरं एक शिजायलंय म्हणालीस. जाऊबाईंची पोरगी नववीत आहे, तिच्यासाठी स्थळ आलंय. आईबाप पाचसहा महिने गावाबाहेर, म्हातारीच्या भरवशावर वयात आलेली पोर कशी ठेवायची, काही इकडंतिकडं झालं तर, म्हणून उरकून टाकू. बघ, इथंही तेच आहे. "काही झालं तर" ही भीती मोठ्यानं बोलते, पोर पळून जाईल, कुणी फसवेल, नाव जाईल. आणि लग्न लावल्यावर जे होतं ते मुकाट होतं. शाळा सुटली, सोळाव्या वर्षी बाळंतपण, सतराव्या वर्षी तिचाही कोयता. घरच्यांना ते धोका वाटतच नाही, कारण ते शेजारच्या प्रत्येक घरात झालेलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत आपल्या जिल्ह्यातल्या विशीतल्या शंभर बायांमागं चाळिसाहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. सगळ्या महाराष्ट्रात हे प्रमाण बाविसाच्या आसपास. अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, तो लावणाऱ्यांवरही आणि जेवायला बसणाऱ्यांवरही येऊ शकतो, हे भावजींच्या कानावर घाल. गोडीनं ऐकलं तर ठीक. नाहीतर १०९८ वर फोन लागतो, करणाऱ्याचं नाव सांगत नाहीत. तू घाबरत असशील तर मी करीन. भांडण झालं तर माझ्याशी होऊ दे, मी काही तुमच्या घरात राहत नाही.

फार ताणलं का? जरा वेगळं बोलू. पाहुण्यांना कुणीतरी सांगितलं म्हणं की उचलीतून बोअर घेऊन उरलेले पैसे अमक्या मल्टिस्टेट पतसंस्थेत टाका, बँकेच्या जवळजवळ दुप्पट व्याज देतात. ज्ञानराधाचं झालेलं इतक्या लवकर विसरले? बीडमधून निघालेली संस्था, गावोगाव शाखा, चकचकीत ऑफिस. २०२३ च्या शेवटाला ठेवी मिळणं थांबलं, २०२४ मध्ये गुन्हे नोंदवले गेले, संस्थापकाला अटक झाली. लाखो ठेवीदार, कुणाचे पेन्शनचे, कुणाच्या पोरीच्या लग्नाचे, कुणाचे ऊस तोडून आणलेले. प्रकरण अजून तपासात आणि कोर्टात आहे, त्यावर मी काही बोलत नाही. मला एवढंच सांगायचंय की बँक सहासात टक्के देते आणि शेजारचा बारा-चौदा देतो, तेव्हा वरचे सहा टक्के तो प्रेमापोटी देत नाही. ते तुमच्या झोपेचं भाडं आहे. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ पाच लाखांपर्यंतची ठेव परत देतं, २०२० पासून ही मर्यादा पाच लाख आहे. पतसंस्था, मल्टिस्टेट यांना तो विमा नाही. बोर्डावर "बँकेसारखी" सगळी अक्षरं असली तरी नाही. पैसे ठेवायच्या आधी काउंटरवरच विचारायचं, ठेवीला विमा आहे का? उत्तर लांबलचक आलं की उठून यायचं.

तरी मी भित्री आहे असं समजू नको. धोका घेतल्याशिवाय आपल्यासारख्यांचं पाऊल पुढं पडत नाही, हे मला कळतं. आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बघ. शेतकऱ्याचं पोर. सगळे सांगतात की तो कसा पळाला, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २०२२ मध्ये रौप्य, पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, पॅरिसला ऑलिम्पिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत गेलेला पहिला भारतीय पुरुष. अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यातली उडी, एवढ्या शर्यतीत पाय मोडायला कितीसा वेळ लागतो? पण मला त्याच्या गोष्टीतला आधीचा भाग जास्त आवडतो. बारावी झाल्यावर तो आधी सैन्यात भरती झाला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनला ड्युटी केली. पळण्याच्या मागं लागला तो त्यानंतर. पगार चालू होता, दोन वेळचं जेवण पक्कं होतं, घरी पैसे जात होते. मग त्यानं जे काही पणाला लावलं ते स्वतःचं शरीर आणि वेळ होता, आईबापाची भाकर नव्हती. पायाखाली जमीन करून घेऊन मग उडी मारली. लोक उडी बघतात.

तुझ्या पायाखाली काय आहे, ते मोजायला बस. पाहुण्यांचं शिक्षण बारावी, ट्रॅक्टर चालवता येतो. तुझा बचत गट चालू आहे, त्यातून शेकडा दोननं कर्ज मिळतं, सावकाराच्या निम्म्यानंही नाही. शेळ्यांचं तू मागं एकदा बोलली होतीस. मला ते बोअरपेक्षा शहाणपणाचं वाटतं. उस्मानाबादी शेळी आपल्याच मुलखातली, बाभळीच्या पाल्यावर जगते, जुळी देते, दोन वर्षांत तीन वेत होतात. पण दहा घेऊ नको. दोन घे. पीपीआरची आणि आंत्रविषाराची लस पशुवैद्यकीय दवाखान्यातून वेळेवर टोचून घे, विमा उतरवून कानात बिल्ला मारून घे. दोन मेल्या तर जीव हळहळेल, पण चूल चालू राहील आणि काय चुकलं ते कळेल. तगल्या तर तिसरी त्यांच्याच पोटची होईल. दहा घेऊन साथ आली तर शिकायलाही काही उरत नाही. पेरणीचंही तसंच. पहिला पाऊस पडला की पाहुणे तिफण काढतात. ७५ ते १०० मिलिमीटर होईपर्यंत थांबा असं कृषी खातं दरसाल ओरडतं, तरी दुबार पेरणी ठरलेली. सगळं रान एकदम नका पेरू, एवढं तरी ऐकतील का? आणि पीकविमा. एक रुपयात होता तेव्हा काढला, २०२५ च्या खरिपापासून पैसे भरायचे झाले तर सोडून दिला. कापसाला हप्ता पाच टक्के आहे, सोयाबीनला दोन. भरपाई तुमच्या बांधावरून नाही, अख्ख्या महसूल मंडळाच्या उताऱ्यावरून ठरते, म्हणून तुमचं गेलं आणि मंडळाचं तगलं तर काही मिळत नाही, हे ठाऊक असू दे. हे कळून काढायचा का नाही ते ठरवा, रागानं नको.

आणि एवढं करून जायचंच ठरलं तर जा. पण लाख नको, पन्नास हजार घ्या. हिशेब सांगते. दोन टनांचे दिवसाला ७३२ रुपये, पन्नास हजार फिटायला ६८-७० दिवस. नोव्हेंबरच्या मध्याला कोयता लागला तर जानेवारीच्या शेवटी तुम्ही मोकळे. पुढचा प्रत्येक टन तुमच्या हातात. पट्टा लवकर पडला तरी बाकी राहत नाही, आणि पुढच्या साली मुकादम आला तर त्याला दारातूनच चहा पाजून परत पाठवता येतं. जाणं तेच, फड तोच, कष्ट तेच. फक्त मान मोकळी. मुकादम कुरकुरेल, कारण मोठी उचल दिली की जोडी बांधली जाते आणि त्याला तेच हवं असतं. कुरकुरू दे. तोडणाऱ्या जोड्या आता पहिल्यासारख्या मिळत नाहीत, त्याला तुमची गरज तुमच्याएवढीच आहे.

निघायच्या आधी दोघांच्या बँक पासबुकात बघ, वीस रुपये कापलेले दिसतात का? प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे ते. वर्षाला वीस रुपये, अपघातात माणूस गेलं तर घरच्यांना दोन लाख. रात्रीच्या उसाच्या ट्रॉल्या, उघड्या विहिरी, हे सगळं तिथं असतं, आणि हा विमा नसलेली घरं मी पाहिलीत. ४३६ रुपयांचा दुसरा आहे, जीवन ज्योतीचा, तो कशानंही मरण आलं तरी लागू होतो. दोन्ही मिळून पाचशेच्या आत. बोअरच्या एका फुटाला काय घेतात गाडीवाले, विचार पाहुण्यांना.

रविवारी मी येतेय, तुझे दाजीही येतील. मुकादमाला त्याच दिवशी बोलावून घ्या. किती उचल, कुठला कारखाना, डोकी सेंटर का गाडी सेंटर, म्हणजे मोळ्या डोक्यावरून भरायच्या का बैलगाडीनं न्यायच्या, खाड्याला किती कापणार, आजारपणात काय, मागची बाकी किती दाखवलीय, सगळं त्याच्या वहीत आणि आपल्या वहीत एकाच वेळी लिहायचं, खाली त्याची सही. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टॅम्पवर पाहुण्यांनी अंगठा तर सोड, शाईसुद्धा लावायची नाही. तो म्हणेल, ताई कशाला मधी पडायलात, आमचा विश्वासाचा धंदा आहे. मी म्हणेन, विश्वास आहेच की, वही काढा.